आप्पांचा दुसरा आवाज

ईश्वरीनं बो, म्हणजे वाजवायचा गज, चेलोच्या तारेवरून उचलला, तरी सूर थांबला नाही. फार वेळ नाही, एक श्वास पुरेल इतकाच तो पुढं चालू राहिला आणि मग गेला. अपेक्षानं आधी आपले हात बघितले. ते पियानोवर नव्हतेच, मांडीवर होते. मग तिनं स्पीकरकडे बघितलं, मग ईश्वरीकडे. "तुमच्या चेलोचा घुमारा किती वेळ राहतो हो ताई," असं म्हणून ती पान उलटून पेन्सिलनं काही खुणा करू लागली. चेलोचा घुमारा ईश्वरीला ठाऊक होता. इतक्या वर्षांत तो तिच्या गुडघ्यांत आणि छातीत मुरला होता, आणि तो असा नव्हता. हा सूर स्वयंपाकघरातून आला होता. स्वयंपाकघरात आई उद्याच्या नैवेद्याच्या खिरीसाठी गहू निवडत बसली होती आणि तिच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

परभणीतल्या वसमत रोडवरच्या आईच्या या फ्लॅटची पुढची खोली सकाळपासून ओळखू येत नव्हती. सोफा भिंतीला सरकवलेला, टीव्हीवर चादर, आणि मधोमध पुण्याहून गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून आणलेला इलेक्ट्रॉनिक पियानो. परभणीत पियानो मिळेल का असं ईश्वरीनं फोनवर विचारलं तेव्हा भजनी मंडळाचे दत्तराव म्हणाले होते, "पेट्या म्हणाल तेवढ्या आणून ठेवतो. पियानोचं तेवढं तुमीच बगा." उद्या रविवारी तिच्या वडलांना, आप्पांना, लिंगैक्य होऊन, म्हणजे जाऊन, वर्ष होत होतं. मंडळानं मंगल कार्यालय घेतलं होतं. सकाळी भजन, मग मल्लिकार्जुनआप्पांच्या मुलीचं वादन, मग जेवणं. ती जे वाजवणार होती ते तिनं स्वतः रचलेलं होतं, चेलो आणि पियानोसाठी, जेमतेम एका चहाच्या वेळात संपणारं. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं 'आप्पांचा दुसरा आवाज'. पुण्यात ते तीनचार वेळा झालं होतं, मुंबईत एकदा. वाजवण्याआधी ती दोन वाक्यं बोलायची: माझे वडील भजनात फार उंच पट्टीत गायचे, पण लहानपणी मला झोपवताना ते एका वेगळ्याच, खोल आवाजात गुणगुणायचे, आणि तो आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकलेला नाही. लोकांना हे फार आवडायचं. बायका डोळे पुसायच्या. तिला स्वतःलाही ते इतकं आवडायचं की बोलताना दर वेळी तिचा घसा थोडा दाटून यायचा, आणि तो खोटा नव्हता.

कारण आप्पांचा पहिला आवाज त्यांच्या गावाला, सगळ्या सेलूला माहीत होता. बाजारात त्यांची कापसाची आडत होती. लिलावात त्यांची हाक रेल्वेच्या फाटकापर्यंत जायची म्हणत. सोमवारी देवळात मंडळ बसलं की पेटीही त्यांची आणि आवाजही त्यांचाच. पुरुषांना उंच पडणाऱ्या पांढरी चारच्या खाली त्यांची पट्टी कधी उतरली नाही. वरच्या सुरावर गेले की कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांमधून शीर वर यायची आणि टाळवाले जोर करायचे. त्या आवाजात माया नव्हती असं नाही, पण ती देवासाठी होती. घरात तोच आवाज मीठ कमी पडलं म्हणून, दार उघडं राहिलं म्हणून, मुलीचे गणितात मार्क गेले म्हणून यायचा. ईश्वरीला त्यांनी कधी मारलं नाही. जवळही घेतलं नाही. पुढं ती पुण्याला कॉमर्स शिकायला गेली आणि चेलो घेऊन बसली तेव्हा ते एकदा ऐकायला आले, पहिल्या रांगेत हातात टोपी धरून बसले, आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "ह्येच्यातून आवाज जरा वर न्हाई का काढता येत?" त्यावर ती मैत्रिणींमध्ये कितीतरी दिवस हसत होती. मग लग्न केलं नाही म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं, आणि तिनंही फोन आईलाच करायची सवय लावून घेतली. ते गेल्यावर तिच्याकडे त्यांचं म्हणून जे राहिलं ते एवढंच: अंधार, नव्या कापसाची गादी, सरकीचा वास, आणि डोक्याच्या मागून येणारा तो खालचा आवाज. शब्द नसलेला, हळूहळू पायऱ्या उतरणारा. एवढ्या कडक माणसानं ही एक गोष्ट लपवून ठेवली होती आणि ती फक्त आपल्याला दिली होती, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. त्या एका गोष्टीवर तिनं त्यांचं बाकीचं सगळं माफ केलं होतं.

"इथं पुन्हा घेऊया का?" अपेक्षानं विचारलं. अपेक्षा गंगाखेडची, कारखान्यातल्या इंजिनियरची मुलगी. तिला आज आईवडिलांकडे मुक्कामाला जायचं होतं आणि तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांनी पुन्हा घेतलं. चेलोची ओळ खाली उतरते आणि पियानो वरून एकेक सूर सोडत तिच्या मागं येतो, अशी ती जागा होती. ईश्वरी वाजवत होती पण कान स्वयंपाकघराकडे होते, आणि कान तिकडे असल्यामुळं तिनं सूर कच्चा लावला. आतून गव्हातले खडे ताटलीत पडल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. तिला हायसं वाटलं. मग शेवटच्या उतरणीवर, जिथं चेलो सगळ्यांत खाली जाऊन टेकतो, तिथं खड्यांचा आवाज थांबला आणि तो सूर पुन्हा आला. या वेळी तो चेलोच्या खालून, अगदी चिकटून आला होता, दाराआडून कुणी बघावं तसा. अपेक्षाला तो ऐकूही आला नाही. तिनं पियानोचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली, "काकू, येते हं, उद्या सकाळी साडेनवाला तिथंच," असं आत ओरडून सांगितलं आणि ती गेली.

ईश्वरी चेलो तसाच खुर्चीला टेकवून आत गेली. आई फरशीवर एक पाय लांब करून बसली होती. ताटातल्या गव्हावर तिची बोटं फिरत होती. "झालं व्हय?" ती म्हणाली. "च्या टाकू का?"

"आई, आत्ता तू गात होतीस?"

"मी? न्हाई बा." मग गहू सारत, "तू वाजवायलीस म्हणून तोंडातून निघालं आसंल. आवाज आला का तिकडं? पोरगी हसली आसंल."

"इतकं खाली कसं म्हणलीस?"

आईनं वर बघितलं. तिला प्रश्न कळला नव्हता. "खालीच हाय की ते," ती म्हणाली. "तू बरोबर वाजवायलीस. मी खालीच म्हणायचे."

तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, की ईश्वरीला आधी वाटलं आपण काही ऐकलंच नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. काही महिन्यांपूर्वी तिनं याच रचनेचं रेकॉर्डिंग आईला फोनवर पाठवलं होतं आणि आई म्हणाली होती, लय छान, देवळातल्या बारक्या घंट्यांवानी. तेव्हा ईश्वरीला तो आईचा भोळेपणा वाटला होता, आणि पुण्यात तिनं ती गोष्ट हसत हसत सांगितलीही होती. फोनच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून चेलोचा खालचा आवाज येतच नाही, हे चेलो वाजवणाऱ्या ईश्वरीला तरी कळायला हवं होतं. आईला फक्त पियानो ऐकू आला होता. आज पहिल्यांदा चेलो तिच्या घरात वाजला, भिंतीपलीकडून, आणि गहू निवडता निवडता तिनं तो ओळखला. काहीतरी हातातून निसटतंय आणि ते पकडायचं की सोडायचं हे ठरवायला वेळ नाही, असं काहीसं ईश्वरीला होत होतं.

"आप्पा म्हणायचे ना गं हे? मला झोपवताना?"

आई हसली. मोकळं हसली, पोट हलेल इतकं. "तुझे आप्पा? तुला झोपवायचे?" ती म्हणाली. "सोमवारी ते घरी ऱ्हायचे व्हय? मंडळातून येईस्तोर तू ढाराढूर. मी दार उघडायला जागी बसायचे, तवा आपलं म्हणायचे बसल्या बसल्या."

सोमवारी. हा शब्द ईश्वरीला नवा नव्हता. सोमवारी रात्री आप्पा घरी नसत हे तिला वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून माहीत होतं, जसं आपलं नाव माहीत असतं. आणि तो आवाज सोमवारी येतो हेही तिला माहीत होतं, कारण सोमवारी उपवास सोडून लवकर जेवण व्हायचं आणि अंथरुणं लवकर पडायची. दोन्ही गोष्टी तिच्याजवळ होत्या. आयुष्यभर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या आणि तिनं त्या कधी एकत्र केल्या नव्हत्या. आवाज खोल होता, म्हणजे तो पुरुषाचा, बाप्याचा. घरात बाप्या एकच, म्हणजे तो आप्पांचा. एवढा सरळ हिशेब. आणि सरकीचा वास? तो तर गादीचा होता. आडतीच्या घरात उशी, रजई, दप्तर, सगळ्यालाच तो वास होता. आईच्या लुगड्यालाही असणार. पण आईच्या लुगड्याचा वास तिला आठवेना. ती आठवायचा प्रयत्न करत राहिली आणि प्रत्येक वेळी तिथं आप्पाच येऊन बसत होते, स्वतःच्या जागेवर बसावं तसे, ऐसपैस. त्यांना तिनंच बसवलं होतं. जिथं त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता तिथं.

ती खाली आईसमोर बसली. गव्हात हात घातला, उगीच. "मग मंडळात बायका म्हणायच्या तेव्हा तू तशी का नाही म्हणायचीस? तिथं तर तुझा आवाज..." ती थांबली. तिथं आईचा आवाज शिट्टीसारखा होता. श्रावणात बायकांचं भजन व्हायचं, आप्पा पेटीवर बसायचे आणि बायकांची पट्टी म्हणून काळी चार धरायचे. आई त्या पट्टीत मान ताणून, ओढून ओढून म्हणायची, वरच्या सुराला तिचा आवाज फाटायचा, आणि मग ती नुसतेच ओठ हलवायची. आईला, गौराबाईला, गळा न्हाई, हे सगळ्यांचं ठरूनच गेलेलं होतं. आप्पा घरी येऊन तिची गंमत करायचे, चांगल्या मूडमध्ये असले की. आईसुद्धा हसायची. ईश्वरीला संगीत आलं ते बापाकडून, असं नातेवाईक म्हणायचे आणि त्यात कुणालाच शंका नव्हती.

"लगीन होऊन आले ना," आई म्हणाली, "पहिल्याच सोमवारी सगळे मला भजन म्हणा म्हणले. नवी नवरी, काय करावं? मी म्हणलं एक. माझ्या माहेरी कोण पेटी वाजवायलंय, माझं आपलं जसं येतं तसं. तर सासूबाई म्हणल्या, अगं बया, घरात दुसरा बाप्या कुठून आला? सगळे लय हसले. तुझे आप्पा बी हसले. मग त्यांनी पेटीवर पट्टी वर केली, म्हणले, आता म्हण, ही बायकांची पट्टी. ती जी वर गेली ती काय परत खाली आलीच न्हाई." तिनं एक खडा उचलून ताटलीत टाकला. "त्यांचं बी काय चुकलं? बाईनं एवढ्या खाली म्हणलेलं कुठं ऐकलं व्हतं कुणी?"

"तू सांगायचंस ना त्यांना. पट्टी खाली घ्या म्हणून."

"सांगायचं काय त्याच्यात." आईनं ताट हातात धरून झटकलं. "माझं सोमवारी रात्री म्हणून व्हायचं की."

मग ईश्वरीनं विचारलं ते गाणं कुणाचं, कुठून शिकलीस, आणि आईला हा प्रश्नही नीट कळला नाही. कुणाचं म्हणजे? असंच. निघायचं. एका सोमवारी थोडं निघायचं, दुसऱ्या सोमवारी त्याच्या पुढचं. ईश्वरी पुण्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'रचना: ईश्वरी मल्लिकार्जुन' असं छापायची. वडलांच्या गुणगुणण्यावर आधारित, असं बारीक अक्षरांत खाली. एका समीक्षकानं लिहिलं होतं की चेलोची ओळ जणू स्वतःशीच बोलते आणि पियानो तिला चोरून ऐकतो. तिला ते वाक्य पाठ होतं. पियानो म्हणजे मी, लहान मुलगी, असं तिनं एका मुलाखतीत सांगितलंही होतं. आणि चेलो म्हणजे आप्पा. दोन वाद्यं एकमेकांना शोधत राहतात आणि शेवटी एकाच सुरावर भेटतात, वगैरे. आता त्या शेवटच्या भेटीची तिला लाज वाटत होती. कोण कुणाला भेटलं होतं? आई सगळा वेळ स्वयंपाकघरात होती.

दुपार कलली. आईनं चहा केला, दोघी प्यायल्या. खाली कॉलनीत भाजीवाला ओरडत गेला. ईश्वरी चहाचा कप धरून बसली आणि तिच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या, आणि त्यातली एक तिला आवडत नव्हती. एक म्हणजे उद्या उभं राहून सांगायचं: मी चुकले, हा आवाज माझ्या आईचा आहे, ही बाई तुमच्यासमोर बसलीय, तिनं हे केलंय. मंडळाच्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, ज्यांनी तिला गळा नाही असं ठरवून टाकलं होतं. आणि दुसरी म्हणजे, ते सांगितलं की आप्पा संपले. मग उरतो तो पांढरी चारवाला, मिठावरून ओरडणारा, मुलीशी न बोलता गेलेला एक आडत्या. त्याला माफ करायला तिच्याकडे काही राहणार नव्हतं. मेलेल्या बापाला तिनं वर्षभर जवळ घेऊन ठेवलं होतं. जिवंत असताना जे जमलं नाही ते. आणि आता त्याला पुन्हा दाराबाहेर काढायचं. आपण आईसाठी हळहळतोय की आपल्यासाठी, हे तिला कळेना, आणि कळेना याचाच तिला राग आला.

"उद्या मी सांगणार आहे सगळ्यांना," ती एकदम म्हणाली. "तुझं नाव घेणार आहे."

आई कप विसळत होती. तिनं दोन्ही कप विसळले, पालथे घातले, पदराला हात पुसले. "नको," ती म्हणाली मग. "वर्षाच्या दिवशी मेल्या माणसाकडून काय काढून घेतीस? लोकं त्यांच्यासाठी येयलेत. मला पुढं बसव म्हणजे झालं." आणि ती देवघरात दिवा लावायला गेली.

मंगल कार्यालयात सकाळी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त माणसं होती. सेलूहून जुने आडते आले होते, मानवतहून आप्पांच्या मावसभावाचं कुटुंब, मंडळाची माणसं टाळांसकट. स्टेजवर आप्पांचा फोटो हार घालून ठेवला होता. फोटोतही त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, आत्ता वरचा सूर लावतील असं. आई पहिल्या रांगेत मधोमध, पांढऱ्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. भजन झालं. दत्तरावांनी माइक हातात घेतला आणि घसा साफ करून म्हणाले, "आता आपल्या आप्पांची लेक ईश्वरीताई. आपण आप्पांना कायम टिपेला ऐकलं. पर ताईचं म्हणणं आसं हाय, की घरी आप्पांचा आजून एक आवाज व्हता. आमाला ह्ये मालूम न्हवतं. तर आता तो ऐकू." लोक टाळ्या वाजवू लागले. दत्तरावांनी माइक ईश्वरीपुढं धरला.

तिनं माइक घेतला. ती काय बोलणार आहे हे तिचं तिलाही ठरलेलं नव्हतं, म्हणजे ठरलेलं होतं आणि नव्हतं. तिनं आईकडे बघितलं. आई तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात नको असं काही नव्हतं. होही नव्हतं. वर्गात हात वर न करता बसलेल्या मुली बघतात तसं ती बघत होती. काल 'नको' म्हणायला तिनं दोन कप विसळण्याइतका वेळ घेतला होता. एवढं सगळं ईश्वरीला त्या क्षणी दिसलं, स्वच्छ दिसलं, आणि तरी तिच्या तोंडून आलं ते पाठ असलेलंच: "माझे वडील भजनात फार उंच पट्टीत गायचे." ते वाक्य एकदा सुरू झालं की पुढचं आपोआप येत होतं. आईनं सांगितलंय म्हणून, असं ती बोलता बोलता स्वतःला बजावत होती. घसा दाटून आला. कुठं दाटायचं हे त्यालाही पाठ झालं होतं. मग तिनं माइक खाली ठेवला आणि अपेक्षाला मान हलवून खूण केली.

त्या दिवशी तिनं चांगलं वाजवलं, आणि हे तिला पुढं फार दिवस लागून राहिलं. हातांना काही कळत नव्हतं, किंवा त्यांना आधीपासूनच कळत होतं. चेलो छातीला टेकलेला होता आणि तो घुमला की तिच्या बरगड्यांतून जात होता; डोक्याच्या मागून येणारा आवाज असाच यायचा, पाठीतून, कारण ती कुणाच्या तरी मांडीवर असायची. मांडीवर. आप्पांच्या मांडीवर ती कधी बसली नव्हती. हे आत्ता, वाजवताना, कशाला आठवावं? पियानो वरून एकेक सूर सोडत होता. वरचे सूर नीटनेटके, गोड, काळी चारच्या आसपासचे. तिला ते पहिल्यांदाच ऐकवेनात. शेवटी चेलो खाली जाऊन टेकला आणि तिनं बो उचलला. कार्यालयात शांतता झाली, मग कुणीतरी "ओम नमः शिवाय" म्हणालं, मग टाळ्या आल्या.

लोक आईपाशी जात होते. ईश्वरी चेलो खोळीत ठेवत स्टेजवरून बघत होती. दत्तराव आईसमोर वाकून, डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, खरं सांगतो, आप्पाच बसल्यावानी वाटलं बगा. एवढी वर्सं संगट बसलो पर ह्यो आवाज काय आमाला ऐकवला न्हाई त्यांनी. तुमी नशीबवान. तुमाला रोज ऐकाया मिळला."

"व्हय," आई म्हणाली. "लय चांगला व्हता."

जेवणं झाली, अपेक्षा गाडीत पियानो घालून पुण्याला निघाली. ईश्वरी परवा ट्रेननं जाणार होती. घरी आल्यावर आईनं लुगडं बदललं, पाणी प्याली आणि पुढच्या खोलीत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. सोफा अजून भिंतीलाच होता. बाहेर ऊन उतरलं होतं. ईश्वरी तिच्या पायाशी फरशीवर बसली. माफी मागावी असं तिला वाटत होतं, पण कशाची हे सांगताना पुन्हा आप्पांचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून तिनं साधंच विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं की. सगळे म्हणत होते." आईनं पाय चोळले. मग म्हणाली, "पर अर्धंच हाय ते."

"अर्धं?"

"पुढं लय हाय. तू तिथं थांबलीस, खाली जाऊन. ते तिथं संपत न्हाई, तिथून तर खरं चालू व्हतं. ते पयलं आपलं तुझ्यासाठी व्हतं, तुला डोळा लागावा म्हणून. मग पुढचं मी माझं म्हणायचे. तुझे आप्पा येईस्तोर."

ईश्वरीनं तो शेवट किती विचार करून ठेवला होता. त्या खालच्या सुरावर सगळं मिटतं, असं तिचं म्हणणं होतं. ते तिला कुठल्याही शिक्षकानं शिकवलं नव्हतं, ते कानातच होतं. ती उठली, चेलो काढला, घाईघाईनं तारा लावल्या. "म्हण," ती म्हणाली. "तुझ्या पट्टीत. मी मागनं येते. आत्ता म्हण, आई."

आई लाजली. मग तिनं पदर नीट केला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणायला लागली. आवाज म्हातारा झाला होता, मधेच वारा जायचा, पण तो तोच होता. रुंद, सावकाश, कुणाचीही परवानगी न घेता खाली जाणारा. ईश्वरीनं बो अगदी हलका ठेवला. तिला माहीत असलेलं सगळं आलं, एकेक पायरी, जशीच्या तशी. आई त्या खालच्या सुरावर येऊन पोचली, तिथं टेकली, श्वास घेतला आणि तोंड उघडलं. आणि काही आलं नाही. तिनं मान हलवली, पुन्हा दोन पायऱ्या वर जाऊन खाली आली, पुन्हा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी ती मधेच थांबली.

"गेलं बघ," ती म्हणाली. "किती वर्सं झाली. म्हणलंच न्हाई कधी."

"आठव ना. थोडं तरी. कुठून सुरू व्हायचं तेवढं सांग."

"कुठनं आठवू? तुझं पयलं तुझ्या ध्यानात ऱ्हायलं म्हणून मला सापडलं. पुढचं कुणी ऐकलंच न्हाई." आईनं हात पुढं करून तिच्या केसांवरून फिरवला, आणि ती हसली, कालच्यासारखीच, मोकळी. "तू जरा जागी ऱ्हायला पायजे व्हतीस गं."